वचनांच्या एकशे ऐंशी चिठ्ठ्या

३ डिसेंबर

चर्चचे पाळकसाहेब येऊन गेले. कोऱ्या कार्डांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. एकशे ऐंशी. “काका, यंदाही तुमच्याच हातचं होऊ द्या.” मी म्हटलं, ठेवा. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्यांनी ते हो धरलं, दोन संत्री खाल्ली आणि गेले.

बावीस वर्षं झाली. एक जानेवारीच्या उपासनेत ताट फिरतं, प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची. बायबलमधलं जे वचन निघेल ते वर्षभर आपलं. पाटबंधारे खात्यात नकाशे काढून काढून माझं अक्षर वळणदार झालं, म्हणून हे काम माझ्याकडे. कोणती वचनं घ्यायची तेही मीच ठरवतो. कोणी कधी विचारलं नाही.

५ डिसेंबर

गठ्ठा तसाच. बायकोने, सुभद्रेने, त्याच्यावर पेपर टाकून ठेवला.

६ डिसेंबर

लिहूनच टाकतो. जूनमध्ये उमरेड रोडवर ट्रकने हर्षाच्या स्कूटीला मागून उडवलं. आमची एकुलती एक मुलगी गेली. एकतीस वर्षांची. दवाखान्यातून प्लास्टिकच्या पिशवीत सामान मिळालं — घड्याळ, मोबाइल. मोबाइलच्या कव्हरात जानेवारीतली चिठ्ठी. तिला काय निघालं होतं ते मला तेव्हा कळलं. चर्चमध्ये बायका पलीकडच्या बाकांवर बसतात. काही वाईट तुझ्या जवळपास फिरकणार नाही, असं वचन. अक्षर माझं. चिठ्ठीला सुरकुतीसुद्धा नव्हती, अक्षर कुठे फुटलं नव्हतं. शाई चांगली वापरतो मी!

तेव्हापासून सुभद्रा चर्चमध्ये आली नाही. घरीही प्रार्थना बंद. जेवायला बसलो की मी डोळे मिटतो, ती भाजी वाढते. देवावर रागावली आहे. रागावू दे. मलाही रागावता आलं असतं, पण चिठ्ठी देवाने लिहिली नव्हती.

९ डिसेंबर

यमुताई आल्या होत्या. चर्चमधल्या सगळ्यात जुन्या. “देवाले चांगली माणसं लवकर पाहिजे असतात वं.” सुभद्रा म्हणाली, “मंग तुम्ही काहून ऐंशीच्या झाल्या?” यमुताईंनी चहा अर्धाच ठेवला.

कारणं सगळ्यांकडे आहेत. पाळकसाहेब म्हणाले होते, सोनं आगीतूनच शुद्ध होतं. मान्य. पण आम्हाला शुद्ध करायला पोरगी कशाला लागली? कमिटीवरचे भैय्याजी म्हणतात, देवानं माणसाले मोकळं सोडलं, बरंवाईट त्यानंच निवडायचं. ड्रायव्हरला डुलकी लागली होती. डुलकी कोण निवडतं? शेजारच्या शोभाताई हिंदू. त्या ‘प्रारब्ध’ म्हणाल्या आणि भरल्या वांग्यांचा डबा ठेवून गेल्या. आतापर्यंत पटलं ते एवढंच — वांगी.

१४ डिसेंबर

लिहायला बसलो. त्रेसष्ट झाल्या. मग हर्षाच्या चिठ्ठीतलं तेच वचन आलं. दरवर्षी लिहितो ते. पेन उचलून बसून राहिलो. शेवटी वाळलं पेन.

१५ डिसेंबर

आज पवित्र शास्त्र उघडून नीट पाहिलं. रडणं, भांडणं, देवाला जाब विचारणं — पानंच्या पानं आहेत! बावीस वर्षं मी त्यातला गूळ तेवढा वेचला. लोकांना गोड लागला, मलाही लागला.

वधस्तंभावर प्रभूनेही विचारलंच की — देवा, मला का सोडलंस? वरून उत्तर आलं नाही. आम्ही ते गुड फ्रायडेला ऐकतो आणि दोन दिवसांत ईस्टरचे नवे कपडे घालतो. कारण मला आजही मिळालं नाही. पण विचारणारा मी एकटा नाही, एवढं बरं वाटलं. अडलेल्या कार्डावर तोच प्रश्न लिहिला. एकशे ऐंशीत एक.

२० डिसेंबर

पाळकसाहेब गठ्ठा न्यायला आले. लपवायचं कशाला? ती चिठ्ठी दाखवली. त्यांनी ती वाचली. “काका, नव्या वर्षाच्या दिवशी ही कोणाच्या हाती लागली तर?”

“हर्षाच्या हाती चांगलीच लागली होती,” मी म्हटलं.

त्यांनी ती परत माझ्या हातात दिली. मग म्हणाले, “खरं आहे तुमचं. पण माझ्यात हिंमत नाही. काढून टाका.” काढली. शर्टाच्या खिशात ठेवली. त्या जागी एक साधीशी लिहून दिली. आज संत्र्याला हात लावला नाही त्यांनी.

२५ डिसेंबर

नाताळ. दरवर्षी शोभाताईंकडे केक आम्ही पाठवतो. यंदा त्यांनी आणला.

१ जानेवारी

एकटाच गेलो. ताट आलं. घरी राहिलेल्यासाठी घरच्याने उचलायची पद्धत आहे, म्हणून दोन उचलल्या. घरी आल्यावर सुभद्रेला त्यातली दिली नाही. खिशातली दिली, काढून टाकलेली. भांडण होईल म्हणून तयारीत होतो.

तिने चष्मा लावून वाचली. पुन्हा वाचली. “हे तुम्ही लिहिलं?” म्हटलं, विचारलं प्रभूने, मी फक्त उतरवलं. ती आत गेली. दार लोटून घेतलं.

२ जानेवारी

सकाळी सुभद्रेने साड्यांच्या घडीतून एक चिठ्ठी काढून माझ्यापुढे ठेवली. गेल्या जानेवारीतली. अंधाऱ्या दरीतून चालशील तेव्हा मी तुझ्यासोबत असेन. अक्षर माझं.

“हर्षाले ही निघाली होती. दरी वाचून मले भेव वाटला, रोज स्कूटीवर जाये ते. म्हणून माही चांगली तिले दिली, अन् तिची मी ठेवून घेतली. कोणत्या तोंडानं चर्चमध्ये येऊ? मंग तिच्यासंग कोणी होतं का नाही — हेच इतके दिवस इचारून राहिली मी.”

आणि मी तिला रागावलेली समजत होतो!

“होता,” मी म्हटलं. “चिठ्ठी बघून येत नाही तो.” हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

जेवताना तिने डोळे मिटले. भाजी मी वाढली.