कोंदिवड्याच्या गुहेतला मौनी बाबा

माघ शुद्ध ३, शके १८०५

वैराग्य आलं! मुंबईला रामराम ठोकला आणि थेट कोंदिवड्यावरच्या गुहेत. छापखान्याचा खडखडाट, ट्रामची घोडी, चाळीतली भांडणं — सुटलो. घरी दहिवलीला गेलोच नाही. बाप आधी जोड्याने बोलतो, मग तोंडाने. जयवंताशी लग्न ठरून दोन वर्षं झाली. तिला फाल्गुनात आणीन. तोवर वैराग्य पुरं होईल.

माघ शुद्ध ५

इथले बुवा वीस वर्षं डोंगरात आहेत. मी ब्रह्म विचारतो, ते गिरगाव विचारतात. "ग्यासचा दिवा फुंकून विझतो का रं?" समोर घाटात आगगाडी चढायला लागली की ध्यान सोडून डबे मोजतात! मीही मोजले. सतरा. नाही, अठरा.

माघ शुद्ध ९

बुवा गेले! माझा सदरा आणि टोपी घालून — मुंबई बघायला! "आठ दिस आसन सांभाळ. अंगाला राख फास, तोंड उघडू नको. खाली सांगतो, वर मौनी बाबा आलेत म्हणून."

माघ शुद्ध १२

मौनी बाबाला मान फार. भाकरी, ताक, केळी! गर्दी मात्र गिरगावाला लाजवील अशी. देवळात पाषाणाला फुलं लावून कौल घेतात ना — उजवं पडलं की होकार, डावं पडलं की नकार — तसा आता माझाच कौल घेतात. हात हलायची वाट बघत बसतात. काल उजव्या हाताने मान खाजवली, एकाने म्हैस विकली.

माघ वद्य २

बाप आला! मागे शेजारची बायजामावशी आणि तिची लेक — जयवंताच! बापाची नजर अधू, त्यात माझी दाढी आणि राख. ओळखलं नाही.

"बाबा, थोरला मुंबईत हाय का मेला, ठाव नाय. पोरगी किती दिस थांबवायची? धाकट्याला, आमच्या नामाला, करून घेऊ?"

बोललो तर जयवंता राहील. जोडाही मिळेल, बुवांचं बिंगही फुटेल. तरी बोलणार होतो, खरंच! — इतक्यात डाव्या हाताला मुंगळा डसला. हात झटकला. डावा! म्हणजे नकार! वाचलो!

"कुठला हात हालला गं?" बापाने विचारलं.

"उजवा," जयवंता म्हणाली.

बापाने माझ्या पायावर डोकं ठेवलं. बिचारी! समोरून बघणाऱ्याला डावा तो उजवा वाटायचाच.

माघ वद्य ६

बुवांचा पत्ता नाही. माकडांनी केळी पळवली. उद्या खाली जाऊन सगळं सांगतो.

माघ वद्य ७

पाय दुखतोय.

फाल्गुन शुद्ध ५

नवरानवरी पाया पडायला आली. नामा नारळ फोडायला बाहेर गेला. जयवंता वाकली आणि हळूच म्हणाली, "डावाच व्हता, भावजी. त्या दिशीच वळखलं तुमाला."