तिसऱ्या शिंगाची प्रजाती

लातूर (जिल्हाही आता लातूरच. पाकिटावर उस्मानाबाद लिहू नका.)

तीर्थस्वरूप मल्लिकार्जुनमामांना शिवमूर्तीचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आणि विहिरीचं पाणी, दोन्ही कसं आहे? इथं टँकरचा भोंगा वाजला की कॉलेजातले प्राध्यापकसुद्धा घागर घेऊन पळतात. (मी सगळ्यांत पुढे.)

तुमच्या बाभळीवरचे चालते काटे मी डब्यात घालून आणले, त्यांची हकीकत सांगतो. ते शिंगवाले किडे. त्यांचं कुळ ठरलेलं आहे. पण एकाला दोनाऐवजी तीन शिंगं दिसली आणि माझं डोकं फिरलं. शिंगांची ठेवण वेगळी म्हणजे प्रजाती वेगळी, आणि नवी प्रजाती म्हणजे माझं नाव थेट ग्रंथात! उदगीर सोडलं, एसटी खड्ड्यात आदळली आणि डब्याचं झाकण उडालं. पुढच्या सीटवरच्या गुणाबाईंनी खांद्यावरचा काटा उपटायला हात घातला, तर काट्यानंच टुणकन उडी मारली. त्यांच्या किंकाळीनं गाडी थांबली.

"इषारी हाय का?" कंडक्टर ओरडला.

"न्हाई हो, बाभळीचा रस पितो बिचारा. कुळ माहीत आहे, प्रजाती ठरायचीय, मग जात बघू," मी म्हणालो.

"किड्याला बी जात?" गुणाबाई कडाडल्या. "मान्सायच्या कमी पडल्या व्हय?"

गाडीभर हशा. मी सीटखाली रांगत होतो. त्यांची मुलगी सिंधु (नव्या कलेक्टर कचेरीत टायपिस्ट) मात्र हसली नाही. तिनं भाकरीच्या डब्यात नेमका तीन शिंगांचा धरून दिला. डबा परत करायला त्यांच्या घरी जावं लागलं. मग उगीचच पुन्हा पुन्हा जावं लागलं.

किडा पुण्याच्या तज्ज्ञांकडे पाठवला. उत्तर आलं : तिसरं शिंग म्हणजे वाळलेला डिंक, कोमट पाण्यानं निघाला, पंखांच्या शिरा पाहता प्रजाती जुनीच. या दुःखानं मी जेवण सोडलं, असं आईच्या कानावर आलं असेल. खोटं आहे. गुणाबाईंकडे जेवत होतो.

तुमचा,
शिवमूर्ती

ता. क. : सिंधुच्या घरी बुद्धवंदना होते, आपल्याकडे इष्टलिंगाची पूजा. आम्हाला लग्न करायचंय. आई तुमच्याजवळच आहे आणि ऐकते फक्त तुमचं. तिला विचाराल का?

आणखी ता. क. : सिंधुनं पत्र वाचलं. म्हणते, खरं लिहा. तर मामा, विचारू नका, नुसतं सांगा. सोमवारी रजिस्टर लग्न झालं. रविवारी पहिल्या एसटीनं देगलूरला येतोय. तुम्ही स्टँडवर या. आई सोबत असेल तर उतरू. नसेल तर तुम्ही नुसती मान हलवा, आम्ही सीटवरून उठणार नाही.