चाळणवाली

३ फेब्रु., मच्छे शेड
लोखंडाची चाळणवाली आज उभी राहिली. पदर जमत नव्हता. ट्रॅक्टरचा जुना मडगार्ड कापून वाकवला, तेव्हा कुठे कापड वाटायला लागलं. हातातली चाळण मात्र खरी, निपाणीच्या बंद वखारीतली. आई अशाच चाळणीवर तंबाखू चाळायची, नाकाला पदर बांधून. हिलाही बांधलाय. नुसते डोळे दिसतात.
जिनाप्पा आलता. कॉलेजात एकत्र वेल्डिंग शिकलो, तेव्हापासूनचा दोस्त. मूर्तीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाला, "काकीच हाय रं ही."
निपाणीच्या बागेत बसवायचं त्यानंच जुळवलं. अर्ज, बागेच्या कमिटीशी कन्नडमधून बोलणं, सगळं त्याच्याकडं. मला कन्नड वाचता येतं, बोलणं जमत नाही.

२१ फेब्रु.
बसवली. ती क्रेनवर लोंबकळत होती, मी दोर धरून. जिनाप्पा खालून ओरडतोय, "सावकाश रं, म्हातारी हाय!" लई हसलो.

२ मार्च
अनावरण. आईला पिरनवाडीच्या घरून गाडी करून नेली. नवं लुगडं. कापड पडल्यावर सरळ पुढं गेली, लोखंडी हात चाचपला. "माझी बोटं एवढी वाकडी व्हय रं?"
मग पाटी. काळा दगड. शिल्पकार: जिनाप्पा. बस्स.
वाटलं, चुकीचं वाचतोय. खालचं कन्नड वाचलं. तेच.
आईनं बोट फिरवत एकेक अक्षर लावलं. "तुझं कुठं हाय?"
जिनाप्पाच्या गळ्यात हार. माझ्याकडं बघितलं नाही.

३ मार्च
फोन केला.
"अर्ज माझ्या नावावर हुता. कमिटीवाले एकच नाव घालतो म्हणाले. मी काय करू?"
"भाषणात तरी घ्यायचंस."
मग हळू म्हणाला, "तुझी बाकीची कामं हाईत की. माझं काय हाय रं?"
शिवी ओठांवर आली. दिली नाही. द्यायला हवी होती.

९ मार्च
शेडमध्ये नुसता बसून येतो. आजवर प्रत्येक काम पहिल्यांदा त्याला दाखवलं. आता कुणाला

२६ मार्च
जिनाप्पा दारात. पोरं मूर्तीवर चढली, हात खांद्यातनं सुटून लोंबतोय. आत सळ्या कशा घातल्यात ते त्याला माहीत नाही. जोडायला चल म्हणाला.
"शिल्पकार तू. तूच बघ."
उभाच राहिला. आईनं चहा विचारला नाही. त्याला, पहिल्यांदाच. तो गेल्यावर मला म्हणाली, "त्येचं ऱ्हाऊ दे. हात माझा हाय न्हवं?"

२७ मार्च
गेलो. हातमोज्यांची एकच जोडी, एकेक घातला. त्यानं मूर्तीचा हात वर धरला, मी जोडला. मग ग्राइंडर लावला. तो चालू असताना जिनाप्पा काहीतरी बोलायला लागला. बराच वेळ बोलत होता. मी बंद केला नाही. काम झाल्यावर बंद केला, तर तोही गप्प.
काय म्हणालास, विचारलं नाही. सामान टेम्पोत टाकून निघालो.
एक हातमोजा त्याच्याकडंच राहिला.