सगळ्यांना फाइव्ह नाईन

३ मार्च, सोमवार

घशातून तपासायला काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आला. कॅन्सरच. डॉक्टर आडवळणाने बोलायला लागले, तेव्हा मीच म्हटलं, सरळ सांगा. मग सांगितलं — स्वरयंत्र काढावं लागेल. एकोणीस तारखेला, बुधवारी ऑपरेशन. तोवर आवाज जपून वापरा म्हणे. जो काढूनच टाकायचाय तो जपायचा कुणासाठी?

समिधा रिक्षात रडत होती. माझी मुलगी, पण मन आईचं. तिला बजावलं, कौस्तुभला यातलं काही कळवायचं नाही. तीन वर्षं ज्याने बापाचा फोन उचलला नाही, त्याने आता दयेपोटी उचलायचा? नको मला.

५ मार्च

समिधाकडून कळलं — कौस्तुभ तुवालूला पोचलाय. पॅसिफिक महासागरातला चिमूटभर देश. तिथे हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला सापडणं मुश्कील, म्हणून तो धरून हे सात हॅम रेडिओ, अँटेना सगळं लटांबर घेऊन गेलेत. दोन आठवडे तिथून जगभरच्या हॅमशी बोलणार. मी एवढी वर्षं रेडिओ लावतोय, माझा तुवालूशी एकदाही संपर्क झाला नाही. आणि चिरंजीव थेट जाऊन बसलेत! रेडिओ शिकवला मीच. दहावीच्या सुट्टीत.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. फोन तो कापू शकतो. पण रेडिओवर ज्याचा आवाज ऐकू येईल त्याला उत्तर द्यायचं, ही रीत आहे. मग तो नावडता का असेना. त्याने माझा आवाज एकदा ऐकावा. आहे तोवर. बाकी काही नको.

७ मार्च

गच्चीवर जाऊन अँटेनाची तार नीट ताणली. सोसायटीचे सेक्रेटरी दिपेशभाई लगेच हजर. "अंकल, होली में बच्चे लोग ऊपर आएंगे, ये निकाल दो ना." मी उत्तर द्यायला गेलो तर घशातून नुसती फरफर. बिचारे घाबरले. होळीनंतर काढा म्हणाले आणि मला हाताला धरून जिना उतरवून दिला. या घशाचा एवढा तरी उपयोग झाला.

९ मार्च, रविवार

सापडला! सकाळी, पंधरा मीटरच्या पट्ट्यावर. खरखरीतून कौस्तुभचा आवाज. इंग्रजी बोलतानाही शेवटचा शब्द आईसारखा, माझ्या अंबिकेसारखा ओढतो. माईक हातात धरून बसून राहिलो. 

१० मार्च

आज ओरडलो. काही उपयोग नाही. शेकडो लोक एकाच वेळी आपापला कॉलसाइन सांगतात — हॅमची ती ओळख, नावासारखी. भाईंदरच्या मासळी बाजारात याहून शिस्त असते. जपानवाले दांडगे, त्यांच्यापुढे माझ्या एका तारेची काय कथा!

आणि हा पठ्ठ्या सगळ्यांना "फाइव्ह नाईन" देतोय. म्हणजे तुम्ही अगदी स्पष्ट, खणखणीत ऐकू येताय. ऐकू येवो न येवो — फाइव्ह नाईन, थँक यू, पुढचा. अशा मोहिमांवर सगळेच असं करतात, वेळ वाचतो, कुणी मनावर घेत नाही. मला ते कधीच पटलं नाही. रिपोर्ट म्हणजे रिपोर्ट. जेवढं ऐकू आलं तेवढंच सांगावं. हे त्याला पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

११ मार्च

नाही.

१२ मार्च

आज पुन्हा नाही. जेवलो नाही. सारखी अंबिका आठवतेय.

आमचं फाटलं ते यावरूनच. तिच्या आजाराचा रिपोर्ट आला तेव्हा तिने आधी कौस्तुभला विचारलं. तो म्हणाला, "फाइव्ह नाईन आहेस, आई." ती हसली. पण रेडिओवाल्याची बायको ती, फाइव्ह नाईन सगळ्यांनाच देतात हे तिला ठाऊक; संध्याकाळी तिने मला विचारलं. मी खरं ते सांगितलं. जन्मभर तिच्याशी खोटं बोललो नव्हतो, तेव्हा का बोलू? त्या दिवसापासून तिचं खाणं सुटलं. महिनाभरात गेली.

स्मशानातून परतताना कौस्तुभ म्हणाला, "तुम्हाला खरं बोलायची हौस होती, बाबा. तिला जगायची होती." त्यानंतर आजतागायत एक शब्द नाही.

माझं चुकलं असं मला वाटत नाही. आजही नाही. पण तिने अर्धं टाकलेलं ते ताट डोळ्यांपुढून हलत नाही.

१३ मार्च

आवाजच फुटेना. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करून बसलो, तेवढ्यात समिधा आली. मला माईकसमोर बघून भडकली. मग काय, वायर उपटून माईकच पर्समध्ये घातला आणि सरळ भाईंदर पश्चिमेला आपल्या घरी घेऊन गेली! काय मुलगी आहे. मी नुसता बघत राहिलो. भांडायलाही आवाज लागतो.

१४ मार्च, धुळवड

सकाळीच समिधा परत आली. गालाला रंग, हातात माईक. म्हणाली, "बोला. मी बसते शेजारी."

खाली पोरांचा कल्लोळ, इथे रेडिओचा. मी कॉलसाइन सांगितला. पुन्हा सांगितला. बऱ्याच वेळाने कौस्तुभ इंग्रजीत म्हणाला — तो क्षीण आवाज, फक्त तो. बाकीच्यांनी थांबा. आणि थांबले की सगळे! मी होता नव्हता तेवढा जोर लावून कॉलसाइन सांगितला.

मग नुसती खरखर. वाटलं, संपर्क गेला.

"थ्री टू," तो म्हणाला. थ्री टू! जेमतेम कळतंय, फार क्षीण येतंय. हजारोंना फाइव्ह नाईन वाटणाऱ्याने मला खरा रिपोर्ट दिला. आणि मग मराठीत, सगळ्या जगासमोर — "बाबा, आवाजाला काय झालंय?"

मी बोलायला माईकचं बटण दाबलं. एवढे लोक खोळंबलेले. म्हटलं, "थँक यू."

त्याने पुढच्याचा कॉलसाइन घेतला. समिधा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मीही रडलो, लाजायचं कुणाला?

१५ मार्च

रेडिओ लावला नाही. दिपेशभाईंना सांगून टाकलं, तार काढा.

१७ मार्च, सोमवार

दुपारी फोन. भलामोठा परदेशी नंबर. कौस्तुभ. म्हणाला, "समिधा काही सांगत नाही. डॉक्टर काय म्हणाले? खरं सांगा. तुम्ही खोटं बोलत नाही."

सांगणार होतो. तोंडातून निघालं, "फाइव्ह नाईन."

तो काय ते समजला. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "उद्याचं विमान मिळतंय. गुरुवारी घरी पोचतो."

ऑपरेशन बुधवारी. म्हणून मी फोन ठेवलाच नाही. आवाजाने साथ दिली तोवर त्याच्याशी अंबिकेबद्दल बोलत राहिलो.