प्रियकराची नक्कल

वेल्स,
१४ जानेवारी १८२८

चि. अँब्रोझ यास,
डॉर्कसताईचे अनेक उत्तम आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम, टोप्यांचं दुकान बरं चाललं आहे.

हेस्टरला देवाघरी जाऊन दोन महिने झाले आणि तुझं एक पत्र नाही. खबर कळते ती परक्यांकडून. शेजारची पेस्टनबाई लिनला तुमचं नाटक बघून आली. तेच, दोन वैरी घराण्यांचं. म्हणाली, गच्चीखाली गुडघे टेकलेला प्रियकर उठताना भिंत धरून उठला. वर हसली. मी तिला दुसरा चहा विचारला नाही. पण अरे, सत्तेचाळिसाव्या वर्षी सतराव्या वर्षाचं प्रेम करायला निघालास, तर गुडघे कुरकुरणारच.

ती भूमिका आता सोड आणि थोडे दिवस माझ्याकडे ये. लेटिस लिहिते की बाबा अजून एकदाही रडले नाहीत. पोर घाबरली आहे. मलाही ते बरं वाटत नाही. सोबत मोजे पाठवते. ताईवरचा लोभ पत्रातूनही दिसू दे.

तुझी,
डॉर्कस

किंग्ज लिन,
२ फेब्रुवारी १८२८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र आणि मोजे पावले. मी बरा आहे. जेवतो, झोपतो, दाढी दिवसातून दोनदा करतो, कारण प्रियकराला खुंट शोभत नाहीत.

भूमिका सोड म्हणतेस. आमच्या धंद्यात एकदा दिलेली भूमिका नटाची होते, ती मालकालाही काढून घेता येत नाही. नटानेच रंगपटात सगळ्यांसमोर आपली नक्कल, म्हणजे आपल्या वाक्यांची वही, दुसऱ्याच्या हातात दिली, तरच ती सुटते. माझी नक्कल माझ्या पेटीत आहे आणि तिथेच राहील.

हेस्टरचं नायिकेचं काम सध्या मिसेस क्विल्टर करतात. बाई भल्या आहेत, पण थडग्यात मरून पडतात तेव्हा कांद्याचा वास येतो. त्यांना पाहून मी विष पितो, प्रेक्षकांतल्या बायका हुंदके देतात आणि मी उद्या बूट शिवायला टाकायचे आहेत हे आठवत असतो.

रडलो नाही हे खरं. हेस्टर गेली तेव्हा मी खाटेशी तसाच उभा होतो, जसा रंगमंचावर उभा राहतो, तोंड उजेडाकडे करून. हे लेटिसला कळू देऊ नकोस. धाकट्यावर माया ठेव.

तुझा,
अँब्रोझ

वेल्स,
११ फेब्रुवारी १८२८

चि. अँब्रोझ यास,
अनेक आशीर्वाद.

लेटिसने मला शपथ घातली होती, ती मी आज मोडते आहे. तुमचे मालक पार्गिटर तिला तिच्या आईची भूमिका द्यायला तयार आहेत. पण बाप-लेकीला प्रेमिक म्हणून उभं केलं तर लोक हुर्यो करतील, असं ते म्हणतात, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. तुमच्यातला तो तरुण रॉयल प्रियकराचं काम करायला तयार आहे. अडलंय ते तुझ्या नकलेपाशी. बेरीच्या मुक्कामापर्यंत जमलं नाही, तर ते नॉर्विचहून दुसरी मुलगी आणणार. मग आपली लेटिस पुन्हा मागच्या रांगेत नाचत राहील, आणि एकोणीस वर्षांच्या मुलीला अशी संधी दोनदा येत नाही.

तुझ्याकडे मागायची तिची छाती होत नाही. तू तिच्या वाटेत उभा आहेस आणि तुला त्याचा पत्ताही नाही.

रागावलास तरी पत्र लिही.

तुझी,
डॉर्कस

किंग्ज लिन,
१९ फेब्रुवारी १८२८

ती. ताईस,
सा. न.

पत्ता होता. पार्गिटरांनी मला नाताळातच विचारलं होतं. मी नाही म्हणालो.

कारण ऐक. थडग्याच्या प्रवेशात मी हेस्टरवर वाकायचो, तेव्हा ती डोळे न उघडता, ओठ न हलवता, घरी जेवायला काय आहे ते सांगायची. अठरा वर्षं. मला हसू दाबून विष प्यावं लागायचं. अजून मी तिथे वाकलो की जरा थांबतो. काही ऐकू येत नाही, हे मला माहीत आहे. पण दिवसभरात तेवढीच एक जागा आहे जिथे मी कशाची तरी वाट पाहतो. बाकी सगळा लाकूड झालो आहे. ती जागा रॉयलला देऊन टाकू?

लेटिसला सांग की बाबा वाईट आहेत. नको, सांगू नकोस.

अँब्रोझ

बेरी,
२२ मार्च १८२८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नक्कल दिली. मंगळवारी, रंगपटात, सगळ्यांसमोर. रॉयलने ती दोन्ही हातांनी घेतली. लेटिस माझ्याकडे बघेना. पार्गिटरांनी मला नाटकातल्या मुलीच्या बापाची भूमिका दिली.

काल पहिला प्रयोग झाला. तुला हसू येईल, पण या नाटकाचा शेवट मी कधी पाहिलाच नव्हता. नकलेत आपलीच वाक्यं असतात आणि विष पिऊन पडल्यावर प्रियकराला एकही वाक्य नाही. अठरा वर्षं मी तिथे डोळे मिटून पडायचो, पडदा पडला की उठायचो. आपण मेल्यावर मागे काय चालतं, ते कधी नीट ऐकलंही नाही. तालमीत लेटिस थडग्यात झोपत नव्हती, नुसती बाजूला उभी राहायची.

काल आत शिरलो तर ती हेस्टरच्या झग्यात पडलेली. रॉयल शेजारी मरून मोकळा झाला होता. बापाला मरता येत नाही, ताई. त्याला तिथे उभं राहून बघावं लागतं, वर वैऱ्याचा हात हातात घेऊन बोलावं लागतं. प्रॉम्प्टरने तीनदा वाक्य सांगितलं. मला स्पष्ट ऐकू आलं. पण तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. उजेड कुठे होता कोण जाणे. मी खाली बसलो, आणि माझ्या मेलेल्या मुलीने सगळ्यांदेखत माझं मनगट घट्ट धरलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी अजून रडतो आहे, अक्षर फिसकटलं तर तेवढं समजून घे.

हेस्टर गेली गं ताई.

तुझा,
अँब्रोझ