पडद्यावरचा बगळा

मी सोनीबाई, कै. इस्तारी मारबते यांची बायको, जात ढिवर, धंदा तळ्यातली मासोळी धरणे आणि त्याहून जास्त रिकामे उद्योग, राहणार मौजा कोसमटोला, तहसील गडचिरोली, जिल्हा चांदा, हे मृत्युपत्र सांगते आणि शाळेचे गोविंदा मास्तर लिहितात. वय सत्तरच्या आसपास. संवत छप्पनच्या, म्हणजे सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांमागच्या दुष्काळात मी लग्नाजोगी होते, पुढचं मास्तरांनी मोजावं. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असं मास्तर म्हणतात. माझ्यावर कोणाचा जोर नाही, मला कोणी काही पाजलेलं नाही. अक्षर मला येत नाही. म्हणून मास्तरांना शपथ घातली आहे की मी बोलेन ते लिहायचं, शोभेल ते नाही.

१. घर इस्तारीचं होतं, म्हणून मुलगा खुशाल याचं. भिंतींवर मी दर दिवाळीला पांढऱ्या मातीने आणि गेरूने जे काढलं ते दर पावसाळ्यात वाहून गेलं. त्याची वाटणी करायला नको.

२. गळ्यातली चांदीची सरी लेक कुंता हिला, जी आरमोरीला दिली आहे. तिने ती अकरा वेळा मागितली. बाराव्यांदा मागायची वेळ येऊ नये.

३. जाळं तरंगावं म्हणून आमचे लोक त्याला सुके भोपळे बांधतात. त्या भोपळ्यांवर मी तापल्या सळईने मोर, खेकडे, बैलबंड्या डागत आले. इस्तारी म्हणायचा, "मासोळी का चित्र पाहून येते?" मी म्हणायची, "नाई येत. पण जाळं कोनाचं हे चोराले समजते." हे भोपळे जाळ्यासकट खुशालला. बगळ्यांचे चाळीस भोपळे मात्र वेगळे ठेवावे, त्यांचं पुढे सांगते.

४. दंडारीच्या नाचाचे मुखवटे. आधी मातीचे केले, नाचणाऱ्याची मान मोडायला आली. मग पळसाच्या पानांचे केले, ते दुसऱ्या उडीतच फाटले. शेवटी शाळेतले जुने कागद आणि मेथ्या कुटून लगदा केला, तो टिकला. यांतले बाकीचे नाचणाऱ्या पोरांना, वाघ दीर पोचू याला. त्याने भर सभेत माझ्या वाघाला मांजर म्हटलं होतं. तो त्याने आपल्या दारावर लावावा. मांजर असेल तर उंदीर पळतील, वाघ असेल तर सोयरे.

५. मागची पडवी मी माझ्या हाताने माती तुडवून उभी केली. ती, आणि तिच्यातली गेरू, काजळ, नीळ, पळसफुलांचा रंग व बिब्याची शाई यांची सगळी मडकी, शिंदीच्या काड्या चावून केलेल्या कुंचल्यांसकट, सून धुरपता हिला. खुशालने तिथे शेळ्या बांधू नयेत.

६. धुरपतालाच का, हे सांगणं भाग आहे. इतके दिवस टाळलं.

बेचाळीसात चिमूरची गडबड झाली त्याच्या पुढच्या साली नाटक मंडळीच्या सुकलूभाऊंना पडदा हवा होता. मी नऊ जुनी धोतरं जोडून त्यावर जंगल काढलं, मधे तळं काढलं. धुरपता त्याच उन्हाळ्यात लग्न होऊन आली होती. मला आत्या म्हणते. तिच्याकडे मी रंग वाटायचं काम दिलं होतं. एका दुपारी मी जरा आडवी झाले, तेवढ्यात तिने बिब्याच्या शाईने तळ्याच्या काठाशी एका पायावर उभा बगळा काढला. मानेपासून पायापर्यंत एकच रेघ, कुंचला न उचलता. बिबा धुतल्याने जात नाही. मी रागवायला तोंड उघडलं आणि पाहतच राहिले. त्याच्याआधी माझं तळं म्हणजे नुसतं निळं धोतर होतं. बगळा उभा राहिला आणि तिथे पाणी आलं.

पडदा वाळवायला चावडीपुढे दोन झाडांना बांधला. गाव पाहायला लोटलं. मी काढलेल्या झाडांकडे कोणी बघेना. सुकलूभाऊंनी विचारलं, "सोनीबाई, हा बगळा कोनं काढला?" धुरपता माझ्या मागे मडकं धरून उभी होती.

मी म्हणाले, "मीच. आनखी कोन?"

तिने मडकं सांडू न देता खाली ठेवलं आणि घरी गेली. त्याला चौदा वर्षं झाली. तिने धान रोवलं, मासोळी विकली, दोन लेकरं वाढवली, पण रंगाला हात लावला नाही. दिवाळीला मी म्हणायची, "धुरपता, दाराजवळ काढ काही." ती म्हणायची, "तुमालेच बरं जमते, आत्या." त्या बोलण्यात टोचणी असेल म्हणून मी कान देऊन ऐकायची. नसायची. असती तर मला भांडता आलं असतं.

इकडे पडदा आलापल्लीपर्यंत फिरला आणि लोक मला बगळा मागायला लागले. म्हणून मी चाळीस भोपळ्यांवर बगळे डागले. एकही उभा राहत नाही. सगळे भिजलेल्या कोंबड्यांसारखे दिसतात. ते चाळीसही चुलीत घालावे.

तो बगळा धुरपताने काढला. मास्तर, ही ओळ मोठ्या अक्षरात लिहा. पडद्यावर बगळ्याच्या पायाशी तिचं नाव बिब्याच्या शाईने घालावं.

इथे मास्तरांनी लेखणी थांबवून आठवण दिली की हा कागद माझ्या मागे उघडेल. मला तीच तर सोय वाटली होती. मी जळून गेल्यावर मास्तरांच्या तोंडून तिला कळणार, मग तिने रागवावं तरी कोणावर? म्हणून बदल सांगते. कागद आजच वाचावा, घरच्यांना आणि सुकलूभाऊंना बसवून.

७. वाचून झालं. पुढे घडलेलं लिहिणं मृत्युपत्राला धरून नाही असं मास्तर म्हणतात. तरी लिहा.

पोचू वाघाबद्दल बोलायला उठला आणि परत बसला. सुकलूभाऊ म्हणाले की पडदा अर्धा कुजला, पण तो कोपरा शाबूत आहे. खुशाल बायकोकडे असा पाहत होता, जणू तिला आज पहिल्यांदा पाहतो आहे. धुरपता धान कांडताना उठून आली होती, अंगावर कोंडा तसाच. तिने उभ्यानेच सगळं ऐकलं. मी म्हणाले, पडवी तुझी, रंग तुझे, आता काढ.

ती आपल्या हातांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तवाच सांगतलं असतं आत्या, त मी आनखी काढले असते."

आणि चुलीवर भात होता म्हणून आत गेली.

८. घरापासून मडक्यांपर्यंत काय कोणाला द्यायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. तिने न काढलेले बगळे हेही माझ्याकडचं तिचं येणं होतं, हे आज कळलं. ते माझ्याजवळ नाहीत. मास्तर विचारतात या कलमात काय लिहू. काही लिहू नका. इथली जागा कोरी सोडा आणि तिच्याखाली माझा अंगठा घ्या.



सोनीबाई इस्तारी मारबते यांच्या डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार (पोचूला वाघ मिळत असल्याने त्याची साक्ष घेतली नाही):
सुकलू बारसागडे, नाटक मंडळी, कोसमटोला. सही.
लच्छू आत्राम, बाजूच्या वनगावचे शेतकरी. अंगठा.

सांगितलं तसं लिहिलं, वाचून दाखवलं: गोविंदा मास्तर. सही.

मुक्काम कोसमटोला, ता. ११ डिसेंबर १९५७