भिंतीतलं दुसरं व्हायोलिन

तीर्थरूप तेओदोरोमामा यांस, भाचा लात्तान्झिओ याचा वाकून नमस्कार.

तुमच्या गुडघ्यांना आता उतार असेल. मामींचा खोकला कसा आहे? मी इथे दरबारात धडधाकट आहे (कपाळावर टेंगूळ आहे, त्याचं कारण पुढे येईल). तुम्ही घडवलेलं व्हायोलिनही सुखरूप आहे.

मामा, माझं उमेदवारीचं वर्ष इस्टरला संपत होतं. दुसऱ्या व्हायोलिनवर मला कायम करायचं की घरी धाडायचं, हे रविवारी दुपारच्या मैफलीत माझं वाजवणं ऐकून आमचे उस्ताद ठरवणार होते. आणि आईने तर साऱ्या गल्लीला सांगून टाकलंय की आमचा लात्तान्झिओ ड्यूकसाहेबांसमोर वाजवतो! वाजवायची रचना, म्हणजे सोनाटा, आमच्या याच इप्पोलितो उस्तादांचा. पहिल्या व्हायोलिनने दिवाणखान्यात वाजवायचं, दुसऱ्याने लपून तेच हळू परत करायचं, प्रतिध्वनी वाटावा असं. यात नवल नाही, हल्ली सगळेच करतात. पण शेजारच्या ड्यूककडे खरा प्रतिध्वनी देणारा मंडप आहे म्हणून आमचे साहेब वर्षभर जळताहेत, आणि उस्ताद त्यांच्यापुढे बोलून बसले की सरकार, आपल्या दिवाणखान्याची भिंतसुद्धा गाते. झालं! मला म्हणाले, "लेका, तू आत आहेस हे कळलं तर आपण दोघंही मेलो," आणि डावीकडच्या भिंतीमागच्या कोठीत मला कोंडलं.

कोठीत डुकराच्या सुकवलेल्या तंगड्या टांगलेल्या (टेंगूळ तिथलंच). अंधार असा की सुरांचा कागद दिसेना. पाठ होतं म्हणून बरं, असं मी म्हणतोय तोवर पहिल्या व्हायोलिनवरच्या फुल्वियोला चेव चढला. हा माणूस उस्तादांनी लिहिलेलं कधी सरळ वाजवेल तर शपथ! दर ओळीला नव्या हरकती, नवे पलटे. वाजवणाऱ्याने भर घालायची रीत आहे हो, पण तो मला पाडायलाच वाजवत होता. मी कान भिंतीला लावून एकेक हरकत झेलत होतो, परत करत होतो.

आणि मग फुल्वियो स्वतःच चुकला. चांगला ठसठशीत बेसूर! आता मी काय करू? बरोबर सूर दिला तर भिंत शहाणी ठरणार आणि आम्ही दोघं मरणार. चुकीचा दिला तर ज्या दिवशी माझी परीक्षा त्याच दिवशी मी बेसूर. मामा, तुमच्या व्हायोलिनची शपथ, जन्मात पहिल्यांदा मी जाणूनबुजून बेसूर वाजवलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

बाहेर साहेब ओरडले, "चुकलेलंसुद्धा हुबेहूब परत केलं! भिंत खरीच गाते रे!" त्यांनी म्हणे भिंतीचा मुका घेतला. माझ्या नाकासमोरच घेतला असावा. इतकी दाद मला कधी मिळाली नव्हती.

मामींना नमस्कार सांगा.

तुमचा,
लात्तान्झिओ

ता. क. साहेबांनी सोमवारी दुसऱ्या व्हायोलिनची जागाच रद्द केली. म्हणाले, एवढी चांगली भिंत असताना माणूस कशाला पोसायचा?

ता. क. २. उस्ताद माझ्या हातापाया पडले. आता दर गुरुवारी मी स्वयंपाकघराच्या दाराने गुपचूप आत येतो, सूप पितो आणि भिंत होतो.

ता. क. ३. पत्र लिहायचं खरं कारण हे. आई पुढच्या गुरुवारी मला बघायला इथे येतेय. तिला अडवता आलं तर बघा. नाहीच ऐकलं, तर एवढंच सांगा की पुढे बसू नकोस, डावीकडच्या भिंतीला टेकून बस.